नगरपालिका आणि ‘नंतर’ची यादी



नगरपालिकेच्या निवडणुकीत उभा राहणारा उमेदवार आपल्या दारी येतो तेव्हा त्याच्या हातात एक छापील कागद असतो. त्यावर पाणी असते, गटारे असतात, रस्ते, दिवे, शाळा, दवाखाना, बाग आणि स्मशानभूमीही असते. सारे काही करण्याचे आश्वासन असते आणि सारे काही ताबडतोब करण्याचे असते. कागदावर अशी एकही गोष्ट नसते की जिच्यापुढे उमेदवाराने प्रामाणिकपणे ‘हे नंतर’ असे लिहिले आहे. परंतु तोच मनुष्य निवडून आला आणि अंदाजपत्रकाच्या सभेत जाऊन बसला, म्हणजे त्याला हा शब्द दर पाच मिनिटांनी उच्चारावा लागतो. जाहीरनाम्यात सगळेच पहिले असते. अंदाजपत्रकात मात्र पहिले एकच असते; बाकीचे त्याच्या मागे रांगेत उभे राहतात.

म्हणून माझे म्हणणे असे की, उमेदवाराचा अग्रक्रम ओळखायचा तर तो पहिल्याने काय करणार हे विचारून फारसा उपयोग नाही. तो नंतर काय करणार, म्हणजेच कोणाला थांबवणार, हे विचारले पाहिजे. गेल्या दीडशे वर्षांतला आपल्याकडील नगरपालिकांचा इतिहास मी या एका प्रश्नाच्या उजेडात आपल्यापुढे मांडणार आहे. मी पंडित नव्हे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि कामगारांच्या सभांत झाले. पण ज्यांना सदैव ‘नंतर’ असे सांगितले गेले अशा लोकांत तीस वर्षे वावरल्यामुळे या एका शब्दाचा अर्थ मला थोडाफार समजतो.

आरंभ पुण्यापासून करू. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली. ज्या परंपरेत आज आपण बसलो आहोत तिचा उगम तेथे आहे. त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८७६ साली, जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद झाले आणि १८८२ पर्यंत ते त्या जागेवर होते. ते निवडून आले नव्हते. त्या काळी पुण्याचे सभासद सरकार नेमीत असे. मतदार नाही, जाहीरनामा नाही, प्रचारसभा नाही. तरीही जोतीरावांचा अग्रक्रम काय होता हे आज आपणांस स्वच्छ सांगता येते. कारण त्यांनी कशाला विरोध केला याची नोंद आहे.

व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणे-भेटीनिमित्त नगरपालिकेने एक हजार रुपये खर्चावेत असा ठराव सभेपुढे आला. लिटनसाहेबांच्याच कारकिर्दीत १८७८ साली देशी भाषांतील वृत्तपत्रांचे तोंड बांधणारा कायदा झाला होता. जोतीरावांनी सांगितले की, हा पैसा करदात्यांचा आहे, तो पुण्यातील गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावा. ठरावाच्या विरुद्ध मत पडले ते एकट्या जोतीरावांचे. १८८० साली शहरातील दारूच्या दुकानांना परवाने देण्याचा प्रश्न आला, तेव्हाही त्यांनी लेखी हरकत घेतली. लोकांच्या आरोग्यासाठी एकीकडे नगरपालिकेने खर्च करावा आणि दुसरीकडे वस्तीजवळ गुत्ता उघडू द्यावा, हे त्यांना पटणारे नव्हते.

मंडईचे प्रकरण याहून अधिक विचार करण्यासारखे आहे. शहरात एक भव्य, दगडी, बंदिस्त बाजार बांधावा अशी योजना निघाली. पुढे १८८६ साली तो बाजार उघडला आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून ‘रे मार्केट’ म्हणून ओळखला जाऊ लागला. या बांधकामावर मोठी रक्कम घालण्यास जोतीरावांचा विरोध होता. तो पैसा प्राथमिक शिक्षणावर खर्च झाला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. ध्यानात घ्या, मंडई ही काही वाईट वस्तू नव्हे. तिने हजारो भाजीवाल्यांना छप्पर दिले, गिऱ्हाइकाची सोय केली, रस्ते मोकळे केले. शिवाय भाजीपाल्याच्या धंद्याशी ज्या माळी समाजाचा पिढीजात संबंध, त्याच समाजातले जोतीराव. मंडईच्या बाजूने बोलणे त्यांना किती सोपे होते! वाईट खर्चाला विरोध करणे ही मोठीशी गोष्ट नाही. एका चांगल्या खर्चाला ‘तू थांब’ असे सांगून त्याहून निकडीच्या खर्चाला पुढे काढणे, याला अग्रक्रम म्हणतात. आणि काळाची गंमत अशी की, त्याच मंडईला आज महात्मा फुल्यांचे नाव आहे. पुणेकरांनी त्यांचे नाव इमारतीला दिले. त्यांची यादी मात्र पुढची कित्येक वर्षे तशीच पडून राहिली.

ती यादी काय होती? १८८२ च्या ऑक्टोबरात सरकारने नेमलेल्या शिक्षण आयोगापुढे, म्हणजे हंटर आयोगापुढे, जोतीरावांनी निवेदन केले. त्याखाली सही करताना त्यांनी आपण व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर असल्याचे लिहिले आहे. निवेदनाचा सारांश असा की, सरकार रयतेच्या पैशाने वरच्या वर्गाचे उच्च शिक्षण पोसते आणि रयतेच्या मुलांना अक्षरओळखही होत नाही. म्हणून निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे.

त्याच वर्षी, १८ मे १८८२ रोजी, लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा सुप्रसिद्ध ठराव झाला आणि पुढे १८८४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांत निवडणुकीचे तत्त्व विस्तारले. मुंबई शहरात तर १८७२ च्या कायद्यानेच चौसष्ट सभासदांपैकी निम्मे करदात्यांनी निवडावयाचे होते. परंतु मत कोणाला? जो ठराविक रकमेपर्यंत कर भरतो, ज्याच्या नावे घर आहे, ज्याची पत आहे, त्याला. भाड्याच्या खोलीत राहणारा, पालात राहणारा, मालकाच्या वाड्यातल्या पडवीत राहणारा मनुष्य मतदार नव्हता. नळाचे पाणी, गटार आणि दिवा यांची गरज त्यालाच सर्वांत जास्त, आणि मोजणीत मात्र तो शून्य. अशा सभागृहात कोणत्या पेठेत आधी दिवे लागतील हे सांगायला ज्योतिषाची जरूर नाही.

आता ‘नंतर’ या शब्दाचा प्रवास शिक्षणाच्या बाबतीत कसा झाला ते पाहा. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्याच्या नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविले होते. तिचा कारभार आणि तिची तिजोरी त्यांनी आतून पाहिली होती. १९११ च्या मार्चमध्ये त्यांनी मध्यवर्ती कायदे कौन्सिलात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिल आणले. त्यातली मागणी अगदी माफक होती. ज्या स्थानिक संस्थांची तयारी असेल त्यांना आपल्या हद्दीत सक्ती करण्याची मुभा असावी, एवढीच. तेही प्रथम मुलग्यांपुरते. मुलींचा विचार पुढे करावयाचा. एवढे सौम्य बिलसुद्धा १९१२ साली तेरा विरुद्ध अडतीस मतांनी फेटाळले गेले. जोतीरावांच्या निवेदनाला तोवर तीस वर्षे होत आली होती.

पैशाची अडचण खरी होती का? होती. पण तिचा उपाय नव्हता असे नाही. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९०६ साली आपल्या राज्यात सक्तीचे शिक्षण सुरू केले आणि ते मुलांप्रमाणे मुलींनाही लागू केले. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९१७ साली मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला. ही संस्थाने इंग्रजी इलाख्याहून श्रीमंत होती म्हणून हे घडले असे कोणी म्हणणार नाही. तेथे रांगेचा क्रम बदलला गेला होता, इतकेच.

इलाख्यात १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने कायदा झाला आणि नगरपालिकांना सक्ती करण्याची मुभा मिळाली. १९२० च्या सुमारास पुण्यात प्रश्न उभा राहिला : सक्ती फक्त मुलग्यांना करावयाची की मुलींनाही? पैसे अपुरे आहेत, तेव्हा तूर्त मुलगे आणि मुली नंतर, असे म्हणणाऱ्यांत मोठमोठे देशभक्त होते. त्यांची देशभक्ती वादातीत आहे. पण रांग लावताना त्यांच्या डोळ्यांना मुलगी मागेच दिसली. याविरुद्ध रमाबाई रानडे यांच्यासारख्या स्त्रिया पुढे झाल्या आणि पुण्याच्या स्त्रियांनी ही मागणी उघड रस्त्यावर आणली. ज्या काळी घरंदाज बाईने रस्त्यात मान वर करून चालणे हाच अपराध, त्या काळी नगरपालिकेच्या अंदाजपत्रकासाठी स्त्रिया बाहेर पडल्या, ही घटना आपल्या शाळांच्या पुस्तकांत मोठ्या अक्षरांत असावयास हवी. पुढे १९२३ साली अवंतिकाबाई गोखले मुंबई महापालिकेच्या सभागृहात गेल्या. दाराबाहेर उभे राहून मागणे आणि आत बसून मांडणे यांत फरक आहे, तो तेथून सुरू झाला.

येथे कोणी म्हणेल, हा सारा पैशाचा प्रश्न. तिजोरीत असते तर सर्वांनाच दिले असते. या युक्तिवादाला महाड नगरपालिकेच्या इतिहासाने कायमचे उत्तर देऊन ठेवले आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने ही अस्पृश्यांस खुली असावीत, असा तो ठराव. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखा सुधारक मनुष्य तेथे होता म्हणून हे घडले. या ठरावाला खर्च किती होता? एक पैसाही नाही. नळ टाकावयाचा नव्हता, विहीर खणावयाची नव्हती, तळ्यात पाणी होतेच. तरीही तीन वर्षे तो ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक तळ्यावर गेले, पाणी प्याले, आणि परतताना त्यांच्यापैकी कित्येकांची डोकी फुटली. त्यानंतर नगरपालिकेने काय केले? ४ ऑगस्ट १९२७ रोजी आपला ठराव मागे घेतला! बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. प्रकरण न्यायालयात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना १८६८ सालीच खुला केला होता. एका माणसाने आपल्या अंगणात एका दिवसात जे केले, ते सार्वजनिक संस्थेला पन्नास वर्षांनंतर कागदावर जमले आणि प्रत्यक्षात आणण्यासाठी माणसांना मार खावा लागला. पैसा नाही म्हणून मागे ठेवलेल्या कामांची एक यादी असते. इच्छा नाही म्हणून मागे ठेवलेल्या कामांची दुसरी असते. उमेदवार या दोन्ही एकाच कागदावर लिहितो आणि दोन्हींवर ‘निधीअभावी’ असा शिक्का मारतो. त्या वेगळ्या करणे हे मतदाराचे काम आहे.

आता मुंबईकडे वळू, कारण कष्टकऱ्यांची वस्ती तेथे सर्वांत दाट झाली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाटीची, अंधारी, ओलसर घरे हे त्याचे घर आहे, असे सर्वांनी मान्य केले आणि १८९८ साली शहर सुधारणेसाठी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टाने रुंद रस्ते काढले, दाट वस्त्या पाडल्या. पाडलेल्या घरांतून निघालेली माणसे जवळच्याच दुसऱ्या चाळींत दाटीने शिरली. कारण गिरणी जेथे होती तेथेच राहणे त्यांना भाग होते. १९३१ च्या शिरगणतीत असे दिसून आले की, मुंबईतील शंभरांपैकी सुमारे चौऱ्याहत्तर माणसे एका खोलीच्या बिऱ्हाडात राहात होती. म्हणजे शहर सुधारण्यास आरंभ होऊन तेहतीस वर्षे झाली आणि तरी पाऊणभर शहर एका खोलीत! रस्ता आधी आणि घर नंतर, हा क्रम ज्यांनी लावला त्यांना स्वतःला घर होते.

या खोल्यांत राहणाऱ्या सर्व प्रौढ माणसांना महापालिकेसाठी मत मिळाले ते स्वातंत्र्यानंतर. मुंबईत प्रौढ मतदानावर पहिली महापालिका निवडणूक १९४८ साली झाली. त्यानंतर दहाच वर्षांनी, १९५८ साली, मीरत खटल्यात शिक्षा भोगलेले कामगार पुढारी शां. स. मिरजकर मुंबईचे महापौर झाले. मतपेटी चाळीपर्यंत पोचली तेव्हा महापौराची खुर्चीही चाळीच्या जवळ आली. मताच्या हक्काने एका रात्रीत घर मिळत नाही, हे खरे; पण मताच्या हक्काशिवाय आपले घर यादीतसुद्धा येत नाही.

आता ज्यांना मत मिळूनही यादीत जागा मिळाली नाही, अशांविषयी बोलतो. नगरपालिका म्हणजे नगरसेवक नव्हेत आणि मुख्याधिकारीही नव्हेत. पहाटे पाच वाजता जो झाडू घेऊन निघतो तो सफाई कामगार म्हणजे नगरपालिका. तो तीन दिवस आला नाही तर चौथ्या दिवशी सगळ्या गावाला राज्यघटना आठवते. या कामगारांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी मुंबई सरकारने १९४९ साली बर्वे समिती नेमली आणि १९५२ साली तिचा अहवाल आला. टोपलीचे संडास जावेत, डोक्यावरून मैला वाहणे बंद व्हावे, ही गोष्ट तेव्हापासून सरकारी कागदांत आहे. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी याच कामाला आयुष्य वाहिले. परंतु हाताने मैला उचलण्यास बंदी करणारा मध्यवर्ती कायदा झाला १९९३ साली, आणि तो पुरा पडत नाही म्हणून दुसरा करावा लागला २०१३ साली. बर्वे समितीच्या अहवालापासून ही एकसष्ट वर्षे मोजा.

मुंबई महापालिकेतील २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करावे, हा निर्णय २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. पण त्यासाठी त्यांच्या संघटनेला कित्येक वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. मी ज्या गावांत संघटनेचे काम केले तेथील एक अनुभव सांगतो. एका निवडणुकीत सर्व पक्षांच्या जाहीरनाम्यांत ‘स्वच्छ शहर, सुंदर शहर’ हे शब्द होते. आम्ही ते सारे कागद गोळा केले आणि युनियनच्या कचेरीत मोठ्याने वाचले. हातमोजे, गमबूट, धुण्याला साबण, कंत्राटदाराने बुडवलेला भविष्यनिर्वाह निधी, यांपैकी एकही शब्द कोणाच्या कागदात नव्हता. शहर स्वच्छ हवे होते सर्वांना. ते स्वच्छ करणारा माणूस कोणाच्याच यादीत नव्हता. आम्ही प्रत्येक उमेदवाराला बोलावून एकच गोष्ट विचारली : हातमोजे कोणत्या महिन्यात? एकाने महिना सांगितला. आमच्या लोकांनी तो लिहून ठेवला, आणि त्या महिन्यात त्याला भेटायलाही गेले. मोजे दोन महिने उशिरा आले, पण आले.

आजच्या स्थितीकडे येऊ. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १ जून १९९३ पासून नगरपालिकांना राज्यघटनेत स्थान मिळाले. बाराव्या परिशिष्टात त्यांच्यासाठी अठरा कामे नमूद आहेत; त्यांत पाणीपुरवठा व आरोग्य आहे आणि झोपडपट्टी-सुधारणा व दारिद्र्य-निर्मूलनही आहे. स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या आणि महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्या केल्या. रमाबाईंचा काळ आठवला म्हणजे ही मजल लहान वाटत नाही.

परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जकात हा नगरपालिकांच्या उत्पन्नाचा मोठा आधार होता. तो टप्प्याटप्प्याने गेला आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आल्यावर मुंबईची जकातही गेली. पैशासाठी वरच्या सरकारकडे पाहण्याची सवय वाढली, आणि जो पैसा देतो तो रांगही लावतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे २०२२ साली मुदत संपल्यावर मुंबई आणि पुणे या दोन्ही महापालिका कित्येक वर्षे निवडून आलेल्या सभागृहाशिवाय, प्रशासकाच्या हाती चालल्या. प्रशासक व्यक्ती म्हणून कितीही कार्यक्षम असो. पण वस्तीतल्या बाईने नळासाठी कोणाचे दार ठोठवायचे, हा प्रश्न त्या काळात अनुत्तरित राहिला. सरकारने नेमलेल्या सभासदांपासून सुरू झालेला आपला प्रवास फिरून सरकारने नेमलेल्या एका माणसापाशी येऊन थांबला होता. जोतीरावांसारखा एकटा विरोधी हात वर करायलासुद्धा त्या सभागृहात कोणी नव्हते.

काही मंडळी म्हणतील, नगरसेवकाच्या हाती असते तरी किती? मोठ्या योजना वर ठरतात, पैसा वरून येतो. मग त्याला अग्रक्रम विचारून काय लाभ? मी म्हणतो, थोडे असते तेव्हाच क्रमाला महत्त्व येते. ज्या घरात धान्याची कोठी भरलेली असते तेथे कोणाला आधी वाढले याची चर्चा होत नाही. जेथे भाकरी चार आणि माणसे सहा असतात, तेथे मायबापाचा न्याय दिसतो. शिवाय महाडचे उदाहरण सांगते त्याप्रमाणे काही कामांना पैसा लागतच नाही. प्रभागाची सभा वेळेवर भरवणे, अंदाजपत्रक मराठीत आणि लोकांना वाचता येईल असे फलकावर लावणे, कंत्राटदाराचे बिल देण्यापूर्वी कामगारांचा पगार झाला की नाही ते तपासणे, सार्वजनिक नळावर कोणाला अडवले जात असेल तर तेथे स्वतः जाऊन उभे राहणे, या कामांसाठी कोणत्या सरकारी अनुदानाची वाट पाहावयाची आहे?

तेव्हा पुढच्या खेपेस उमेदवार दारी आला म्हणजे त्याला पाणी द्या, बसायला सांगा, आणि त्याच्या छापील कागदाची मागची कोरी बाजू त्याच्यापुढे ठेवा. त्यावर त्याला ‘नंतर’ची यादी लिहावयास सांगा. कोणते काम मागे राहील, कोणाचे राहील, पैशाअभावी की इच्छेअभावी, आणि किती तारखेपर्यंत. जो लिहायला कचरेल त्याला समजा की त्याने विचारच केलेला नाही. जो लिहील त्याची यादी जपून ठेवा आणि वर्षाच्या अंदाजपत्रकाशी ताडून पाहा. त्या यादीत शेवटी ज्या वस्तीचे नाव असेल ती आपली नसली, तरीही तिच्यातर्फे प्रश्न विचारा. जोतीरावांच्या घरात पाणी होते; हौद त्यांनी दुसऱ्यांसाठी उघडला.